मुलांचे अग्निबाण

यंदा दिवाळीच्या सुटींत, नरकचतुर्दशीच्या दुपारीं, आमच्या गांवच्या घराच्या माडीवर एक कट उघडकीस आला. मोठीं माणसें फराळानंतर अंमळ आडवीं झालीं होतीं, आणि मुलें "पत्ते खेळतों" असें सांगून वर गेलीं होतीं. पत्त्यांच्या डावाला जेवढा कलकलाट व्हावा तेवढा ऐकूं येईना, म्हणून वहिनी जिना चढून गेल्या. तेथें जुन्या वर्तमानपत्रावर, फटाके सोलून काढलेल्या दारूचा लहानसा ढीग, शेजारीं एका टोंकास ठोकून बंद केलेली पत्र्याची नळी, आणि भोंवतीं पांच डोकीं, असा देखावा त्यांच्या दृष्टीस पडला. मुख्य कारागीर खुद्द वहिनींचा नातू. वय वर्षें बारा. "अग्निबाण करतों आहोंत," असें त्यानें सांगितलें, आणि त्यांत खोटें असें कांहींच नव्हतें.

अशा प्रसंगीं पुढें काय होतें हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. दारू बादलींत बुडाली, नळी जप्त झाली, पांचहि आरोपींना ओसरीवर ओळीनें उभें करण्यांत आलें, आणि प्रत्येकाच्या आईनें आपापल्या अपत्यास "तूं कशाला गेलास त्यांच्यांत?" असें विचारलें. आमच्या घरीं मात्र या गोष्टीला एक मागचा अध्याय आहे. तो आम्हीं या सदरांत आजवर लिहिला नाहीं, आणि घरांतहि त्याविषयीं कोणी बोलत नसे.

१९६९ च्या जुलै महिन्यांत माणसानें चंद्रावर पाऊल ठेविलें, ती वार्ता आम्हीं रेडिओवर ऐकली. आमचे थोरले बंधू—त्यांस घरांत सारे दादा म्हणतात—त्या वेळीं तेरा वर्षांचे होते, आणि आम्ही नऊ. वडील कडक होते. फटाके, पतंगाचा मांजा, विहिरींत उडी, या सर्वांस त्यांचें एकच उत्तर असे, आणि तें उत्तर 'नाहीं' हें होतें. कारण विचारणें हा वेगळा अपराध समजला जाई. तेव्हां दादांनीं जें केलें तें गोठ्यामागें केलें. काड्यांच्या टोंकांची दारू खरवडून ती त्यांनीं पितळेच्या एका नळींत ठांसली आणि नळी विटांच्या आधारानें उभी केली. नळी उडाली नाहीं, फुटली. दादांना मिरजेस नेलें. डावा डोळा गेला. काड्या कोणीं आणून दिल्या, हें वडील दोन दिवस विचारीत होते. दादांनीं सांगितलें नाहीं. देवघरांतील काडेपेटी त्यांच्या हातीं नेऊन देणारे आम्हीच होतों.

तर यंदा मुलें ओळीनें उभीं असतां दादा बाहेर आले. त्यांनीं ती पत्र्याची नळी उचलून उजव्या डोळ्यासमोर धरिली आणि नातवास विचारलें, "हें टोंक ठोकून बंद कां केलेंस?"

"दाब वाढावा म्हणून."

"तो दाब या पत्र्याला सोसेल हें कशावरून?"

नातू गप्प राहिला. "मलाहि ठाऊक नव्हतें," दादा म्हणाले. मग नळी खालीं ठेवून त्यांनीं सर्वांदेखत सांगितलें, "तुम्हांला उडवायचेंच आहे ना? मग उघड्यावर उडवूं, सगळे मिळून उडवूं. पण दारूशिवाय."

वहिनींच्या हातांतील तबक खालीं आलें. "अहो, तुम्हीच असें म्हणतां?"

"मीच म्हणायला हवें," दादा म्हणाले, आणि सायकलचा पंप कोठें आहे तें शोधावयास गोठ्याकडे गेले.

अग्निबाणाचा नाद मुलांना लागतो तो आजकालचाच नव्हे, आणि आमच्याच घरांत लागतो असेंहि नव्हे. अमेरिकेंत नेब्रास्का संस्थानांतील नॉरफोक या गांवीं ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचे एक जोड्यांचे दुकानदार होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांस छंद. १९५४ सालीं त्यांनीं व त्यांच्या भावानें मिळून कागदी नळीचा, हलक्या लाकडाच्या पंखांचा, वर जाऊन छत्रीच्या आधारें अलगद उतरणारा एक लहानसा अग्निबाण तयार केला. व्हाइट सँड्स येथील अग्निबाणांच्या तळावर काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांचा लेख वाचून १९५७ च्या आरंभीं कार्लाइल यांनीं आपले नमुने त्यांजकडे पाठविले. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला, आणि मुलांच्या या वेडास तेथें ऊत आला. कोणी गॅरेजमध्यें, कोणी परसांत, धातूच्या नळ्यांत नाना रसायनें ठांसूं लागलें. आमच्या गोठ्यामागें जें झालें तें तिकडे अनेक घरीं झालें. यावर स्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं बंदीची मागणी केली नाहीं. त्यांनीं कार्लाइल यांच्या खेळण्याचा प्रसार केला, कारण त्यांत एक फार शहाणपणाची युक्ति होती: मुलानें दारूला हातच लावावयाचा नाहीं. ती कारखान्यांत मोजून भरलेल्या कागदी नळकांड्यांतून येणार. मुलानें बाणाचें अंग बांधावयाचें, पंख चिकटवावयाचे, आणि तो पेटवावयाचा दुरून, विजेच्या तारेनें. बाणाचें टोंक, अंग व पंख धातूचे असूं नयेत, लहान बाणापासूनहि पंधरा फूट दूर राहावें, आणि न पेटल्यास एक मिनिटपर्यंत कोणींहि जवळ जाऊं नये, असे त्यांचे नियम आहेत. नियम थोडे आहेत आणि प्रत्येकाचें कारण मुलाला सांगतां येतें.

आपल्याकडे तशीं तयार नळकांडीं वाण्याच्या दुकानीं मिळत नाहींत, आणि घरीं दारू बनविणें हें १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यानेंहि निषिद्ध आहे. म्हणून आम्हीं पाण्याचा बाण निवडला. सोडावॉटरादि पेयांची प्लॅस्टिकची बाटली, तींत थोडें पाणी, वर पंपानें कोंडलेली हवा, आणि तोंड खालीं. तोंड मोकळें होतांच हवा पाण्यास खालीं ढकलते व पाणी बाटलीस वर. आग नाहीं, धूर नाहीं. भिजणें मात्र भरपूर.

पाडव्याची दुपार सामान जमविण्यांत गेली व भाऊबीजेचा दिवस बांधणींत गेला. बाण सोडण्याचा सांगाडा आम्हीं गांवांतील नळकाम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतला, आणि तसाच करून घ्यावा अशी आमची वाचकांस शिफारस आहे. अर्ध्या इंची प्लॅस्टिकची नळी बाटलीच्या तोंडांत बेताची बसते; गळती होऊं नये म्हणून तीवर एक रबरी कडें चढवावें. नळीभोंवतीं, तारा आवळण्याच्या ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या अशा बांधाव्या कीं त्यांचीं डोकीं बाटलीच्या गळ्यावरील कडेस अडकतील. त्यांवरून रुंद नळीचा एक तुकडा सरकविला म्हणजे तीं डोकीं बाटलीस घट्ट धरून ठेवितात. तो तुकडा दोरीनें खालीं ओढला कीं बाटली सुटते. सायकलच्या ट्यूबची वाल पांच मीटर लांब नळीच्या दुसऱ्या टोंकास, म्हणजे पंपाशीं, असावी, आणि तेथेंच हवा सोडून देण्यासाठीं एक लहान तोटी बसवावी. या तोटीची किंमत किरकोळ आहे. तिचें महत्त्व पुढें येईल. नुसतें रबरी बूच ठोकून पंप मारीत राहिल्यासहि बाटली उडते, परंतु ती केव्हां उडेल हें बूचच ठरवितें, आणि मुलें नेमकीं त्याच वेळीं वांकून पाहात असतात.

बाटली वायुयुक्त पेयाचीच घ्यावी; साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाहीं, आणि कांचेची तर मनांतहि आणूं नये. चरे पडलेली, चेपलेली वा उन्हांत वाळलेली बाटली बाजूला काढावी. आमच्या पंधरा वर्षांच्या भाच्यानें पंख बसविण्यासाठीं वितळत्या गोंदाची बंदूक वापरली. त्या उष्णतेनें बाटली एका अंगास आकसली, आणि दादांनीं ती तेथल्या तेथें कापून टाकली. त्यास फार वाईट वाटलें. दोन तासांचें काम होतें, आणि नकाशा मोबाइलवरून उतरून घेतलेला होता. परंतु कापल्यावर दादांनीं त्याला आकसलेल्या जागेची जाडी बोटांनीं चाचपून पाहावयास लाविली, आणि मग त्यानें चिकटपट्टी घेतली.

पंख पुठ्ठ्याचे, तीन किंवा चार, बाटलीच्या तोंडाकडील बाजूस. दुसऱ्या टोंकास, जें उडतांना पुढें असतें, रबरी चेंडूचा अर्धा भाग व त्यांत मातीचा गोळा. अणकुचीदार टोंक दिसावयास सुंदर, पण तें खालीं येतांना कोणाच्या डोक्यावर येईल याचा भरंवसा नाहीं. पुढें वजन कां आणि मागें पंख कां, हें मुलांना कसें सांगावें असा आम्हांस प्रश्न होता. दादांनीं तो बोलून सोडविला नाहीं. बाण बोटावर तोलून जेथें समतोल साधला तेथें त्यांनीं दोरा बांधला आणि बाण डोक्याभोंवतीं गरगर फिरविला. ज्याचें तोंड पुढें राहिलें तो उत्तीर्ण. जो आडवा-तिडवा लोळला त्याच्या तोंडांत आणखी माती. खऱ्या बाणांचे छंदिष्ट हीच परीक्षा करतात. पुढचा तासभर अंगणांत अकरा मुलें बाटल्या फिरवीत होतीं, आणि तुळशीवृंदावनाजवळून जाण्याची सोय उरली नव्हती.

येथें आम्हांस आमचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. आमच्या धाकट्या पुतण्याची मुलगी आठ वर्षांची आहे. तिनें आपले तीन पंख असे चिकटविले कीं त्यांतील एकहि दुसऱ्याच्या ओळखीचा वाटेना. ती पाणी प्यावयास गेली असतां आम्हीं ते हलकेच काढून, सारखें अंतर मोजून, सरळ लाविले. परत येऊन तिनें बाण पाहिला, आम्हांकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तिन्ही पंख ओरबाडून काढून पुन्हां आपल्या पद्धतीनें, म्हणजे वांकडे, लाविले. "आजोबा, हा माझा आहे," एवढेंच ती म्हणाली. वडीलधाऱ्या माणसांचे हात अशा वेळीं शिवशिवतात. आमच्या घरांत त्या दिवशीं ते इतके शिवशिवूं लागले कीं शेवटीं दादांनीं हुकूम काढला: मोठ्यांनीं दाबाचा कांटा आणि सुटण्याची दोरी यांपलीकडे कशालाहि स्पर्श करावयाचा नाहीं. पूर्वी मुलांना जशी मनाई होती तशी आतां आम्हांला झाली. फरक एवढाच कीं आम्हांला कारण सांगण्यांत आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातास आम्ही शेजाऱ्यांच्या सोयाबीन काढलेल्या रानांत पोंचलों. रान आदल्या दिवशीं पाहून, मालकांस विचारून ठेविलें होतें. विजेच्या तारा जवळ नकोत, रस्ता जवळ नको, आंब्याचीं झाडेंहि नकोत. बाण झाडावर अडकला म्हणजे मुलगा झाडावर जातो, आणि ती निराळी काळजी. सकाळची वेळ याचसाठीं कीं दहाच्या पुढें वारा सुटतो. खुंटीपासून दहा पावलांवर चुन्याची रेघ ओढली. मुलें रेघेमागें, पंपावर एक माणूस, दोरी ज्याचा बाण त्याच्या हातीं. पांच ते एक मोठ्यानें उलटे अंक मोजल्याखेरीज दोरी ओढावयाची नाहीं. कांटा चौरस इंचास पन्नास पौंडांवर गेला कीं पंप थांबलाच पाहिजे. चांगली बाटली याहून पुष्कळ अधिक सोसते, म्हणूनच पन्नासाशीं थांबावें. जवळच्या वस्तीवरचीं चार मुलें आमचा तमाशा पाहावयास आलीं होतीं. त्यांनाहि बाटल्या दिल्या, आणि ज्या पुठ्ठ्यावर आमचीं मुलें दिवसभर खपलीं होतीं तसला पुठ्ठा त्यांनीं अर्ध्या घटकेंत बसविला.

उंची मोजण्याची जबाबदारी दादांनीं स्वतःकडे घेतली. सांगाड्यापासून तीस मीटरवर खुर्ची टाकून ते बसले. कोनमापकास सरबताची नळी चिकटविलेली व दोऱ्यानें एक जड नट लोंबविलेला. नळींतून बाणाच्या शिखराकडे पाहावयाचें, आणि दोरा कोणत्या अंशावर आला तें वाचावयाचें. पंचेचाळीस अंश आले तर बाण तीस मीटर वर, अधिक पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची. नववींतील पुतणी कोष्टक पाहून आंकडे करीत होती. नळींतून पाहण्यासाठीं मुलें एक डोळा हातानें झांकीत, तें पाहून दादा म्हणाले, "माझा तेवढा वेळ वांचतो." क्षणभर कोणीं हंसावें कीं नाहीं तें कळेना. मग वहिनीच हंसल्या. त्या येणार नाहीं म्हणाल्या होत्या; चहाची किटली घेऊन आल्या होत्या.

पाणी किती घालावें यावर मुलांत तंटा होता. भाच्याचें म्हणणें, पाणीच ढकलतें तर पाणी जितकें अधिक तितकें बरें. तेव्हां एकाच बाणाचे, एकाच चाळीस पौंडांच्या दाबावर, चार प्रयोग केले. कोरडी बाटली नऊ मीटर गेली. एक तृतीयांश पाण्यानें सव्वीस. अर्ध्यानें अठरा. पाऊण भरलेली सहा मीटरांवर दमली आणि भाच्याच्याच अंगावर रिकामी झाली. बाहेर फेंकावयास पाणी हवें, परंतु फेंकण्याचें बळ हवेंत असतें. पाण्यानें जागा अडविली तर हवेस जागा उरत नाहीं. भाच्यानें हें पुस्तकांत वाचलें होतें. वाचूनहि त्याचा तंटा मिटला नव्हता, तो भिजल्यावर मिटला.

सहा वर्षांच्या नातवानें विचारलें कीं बाण जमिनीला ढकलून वर जातो ना? त्यास आम्हीं सांगितलें कीं हीच चूक 'न्यूयॉर्क टाइम्स' या मोठ्या पत्रानें केली होती. १९२० च्या जानेवारींत रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाची त्या पत्रानें थट्टा केली. कारण काय, तर पोकळींत ढकलावयास कांहीं नसतां बाण चालणार कसा! बाण ढकलतो तो स्वतःच्या पोटांतून निघणाऱ्या वायूला, जमिनीला नव्हे. त्या पत्रानें आपली चूक छापून मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजीं, चंद्राकडे माणसें निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं. गॉडर्ड १९४५ सालींच वारले होते. मुलांना मात्र गॉडर्ड यांची दुसरी गोष्ट अधिक आवडली. १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथें नात्यांतील एका बाईंच्या शेतावर त्यांनीं द्रवरूप इंधनाचा जगांतील पहिला अग्निबाण सोडला. तो एकेचाळीस फूट वर चढून अडीच सेकंदांत कोबीच्या वाफ्यांत पडला. "एकेचाळीसच?" मुलें ओरडलीं. पुतणीनें पुस्तीवर गणित केलें: साडेबारा मीटर. आपली कोरडी व पाऊण भरलेली बाटली तेवढ्या हरल्या, बाकी सारे गॉडर्डांच्या पुढें. त्या आनंदांत त्यांस आणखी भर घातली ती थुंब्याची. केरळांत समुद्रकांठीं सेंट मेरी मॅग्डलिनच्या चर्चमध्यें कचेरी होती, बाणाचे भाग सायकलवरून नेले जात, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून आपल्या देशांतील पहिला मोठा बाण उडाला. सायकलचें नांव निघतांच सर्वांनीं आमच्या पंपाकडे आदरानें पाहिलें.

आतां त्या तोटीविषयीं. बाण बाराव्या वेळीं नातवाचा होता; तोच, माडीवरचा कारागीर. पन्नास पौंड झाले, अंक मोजून झाले, त्यानें दोरी ओढली, आणि कांहींच झालें नाहीं. नळीचा तुकडा चिखलानें अडकला होता. सर्व नियम तोंडपाठ असलेला तो मुलगा दोरी टाकून धांवत सुटला. रेघ ओलांडून तो तीन पावलें गेला असेल-नसेल, तोंच दादांचा आवाज आला. "थांब!" हा आवाज आम्हीं इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकिला नव्हता; तो आमच्या वडिलांचा आवाज होता. मुलगा जागच्या जागीं उभा राहिला. रानांत कोणी हाललें नाहीं. दादा खुर्चीवरून उठले, पंपाशीं गेले, आणि त्यांनीं ती लहान तोटी उघडली. हवा निघून जावयास फार वेळ लागला नसेल, पण आम्हांस लागला. मग ते मुलाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "कां थांबायचें, सांग बघूं." मुलानें सांगितलें: बाटली भरलेली आहे, ती कोणत्या क्षणीं सुटेल तें तिला माहीत, आपल्याला नाहीं. "बरोबर. आतां चिखल पूस, आणि पुन्हां लाव." वहिनींचा चहा मात्र तेवढ्यांत सांडला होता.

दुसऱ्या खेपेस तो बाण एकतीस मीटर गेला, आणि दिवसाचा विक्रम त्याच्याच नांवें राहिला. वस्तीवरील एका मुलीचा बाण एका अंशानें मागें पडला, आणि कोनमापक नीट धरला नव्हता असें तिचें म्हणणें अजून आहे. आमच्या आठ वर्षांच्या नातीचा बाण पहिल्यानें मळसूत्रासारखा फिरत वाफ्यांत गेला. तिनें तो आणून न्याहाळला, दोन पंख काढले. दुसऱ्या वेळीं तो तिरका गेला. तिनें तिसरा काढला. आम्हीं हात पाठीमागें बांधून उभे होतों. हें लिहितांना सोपें वाटतें. तिसऱ्या वेळीं तो सरळ चढला, दादांनीं चाळीस अंश सांगितले, आणि तिनें मागें वळून आम्हांकडे पाहिलें नाहीं, ती बाटली आणावयास धांवली.

शेवटचा बाण वहिनींच्या हातून सोडावा असा मुलांचा हट्ट पडला. पदर खोंचून त्यांनीं दोरी घेतली, आणि पांचापासून मोजावयाचे ते उत्साहाच्या भरांत एकापासून मोजले. तें मुलांनीं चालवून घेतलें.

रात्रीं ओसरीवर दादा व आम्ही दोघेच बसलों होतों. आंत मुलें आंकडे पुन्हां पुन्हां वाचीत होतीं. पंचावन्नाहून अधिक वर्षें जें बोलावयाचें राहिलें होतें तें आम्हीं बोलून टाकिलें: "देवघरांतली काडेपेटी मीच आणून दिली होती."

"ठाऊक आहे कीं," दादा म्हणाले. "ती पावसानें सादळली होती. तिची दारू मीं घेतलीच नाहीं. वाण्याकडून चार नव्या आणल्या होत्या."

"मग हें मला कधीं सांगितलें कां नाहींस?"

"तूं विचारलेंस कुठें?"

सांगाडा सध्यां गोठ्यांतील खुंटीला टांगलेला आहे. मे महिन्यांत मुलें पुन्हां येतील तेव्हां छत्रीनें उतरणारा बाण करावा असा त्यांचा बेत आहे, आणि रिकाम्या बाटल्या मोरीशेजारीं सांठूं लागल्यामुळें वहिनींची तक्रारहि सुरू झाली आहे.